रक्त कुठे मुरतंय?

१

माझ्या पुतण्याच्या अंगातून रक्त नाहीसं होत होतं आणि ते जातंय कुठे, हे कुणालाच सापडत नव्हतं.

आदल्या दिवशी एका ट्रकने त्याला मोटरसायकलवरून उडवलं. प्लीहा फुटून पोटात रक्तस्राव झाला होता. सर्जननी ती तातडीने काढली, पोट शिवलं आणि बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, "आत सगळं कोरडं आहे हे बघूनच बंद केलंय." सकाळी श्वासाची नळीही निघाली. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग त्याचं ब्लडप्रेशर पडायला लागलं. पडायचं, सलाइनची बाटली जोरात सोडली की वर यायचं. जरा वेळ बरं जायचं आणि पुन्हा पडायचं. दुपारी सर्जन अतिदक्षता विभागाच्या बाहेर, आमच्या बाकापाशी आले. त्यांचा चेहरा पाहून वहिनी आधीच उठून उभ्या राहिल्या.

"आत कुठेतरी रक्त जातंय," ते म्हणाले. "पाणी दिलं की तेवढ्यापुरता सावरतो, मग पुन्हा घसरतो. ही खूण चांगली नाही. पोट पुन्हा उघडावं लागेल."

"सोसेल त्याला?" वहिनींनी विचारलं.

सर्जननी काचेतून आत पाहिलं. "छाती भरत चाललीय त्याची. अशात पुन्हा भूल द्यायची म्हणजे... खोटं कशाला बोलू? टेबलावरून परत येईलच असं नाही. पण रक्त जात असताना हातावर हात ठेवून बसलो, तर नक्की जाईल. थिएटरमध्ये एक ऑपरेशन चालू आहे. ते संपलं की याला घेतो."

वहिनी खाली बसल्या. त्या माझ्या थोरल्या भावाच्या बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, हा एकुलता एक मुलगा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून भिंतीला टेकून उभी होती. वहिनी तिच्याकडे न बघता बोलल्या.

"ही आत गेली की पडतं. मी जाते तेव्हा धड असतो. पांढऱ्या पायाची म्हणतात ते काय उगीच?"

"वहिनी, अहो," मी म्हणालो. माझा आवाज अशा वेळी मलाच ऐकू येत नाही, तर दुसऱ्यांना कुठून येणार?

"भावजी, तुम्ही पुस्तकं वाचा. मी डोळ्यांनी बघतेय. दर वेळी. विचारा हवं तर त्या सिस्टरला."

सिस्टर दारातच उभी होती. ती चटकन नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "पायांचं मला माहीत नाही, आजी. पण दर वेळी ही आत असतानाच पडलंय, हे खरं आहे."

२

मी ताईला फोन केला.

ताई माझी थोरली बहीण. ती आयुष्यभर याच इस्पितळात भूल द्यायची. माणसांना झोपवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी मात्र बोलायला लागली की कुणाची झोपायची टाप नसे. आता निवृत्त आहे, गुडघ्यांनी बेजार आहे, आणि सर्जन अजूनही तिला बघून सरळ उभे राहतात.

"रडका आवाज काढू नकोस," ती जिना चढून आल्यावर मला म्हणाली. "काय झालं ते सांग. तुझ्या रहस्यकथांसारखं पाल्हाळ नको."

मी सांगितलं. वहिनींचं म्हणणंही सांगितलं. ती नुसती "हं" म्हणाली आणि आत गेली. वयाचा मान म्हणून मलाही तिच्यामागे जाऊ दिलं.

पुतण्याला बघून मला धक्का बसला. सकाळपेक्षा तो फुगला होता. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या आणि लग्नाची अंगठी बोटात रुतली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, दोन्ही पाय बँडेजमध्ये. डाव्या मनगटाच्या रक्तवाहिनीत एक बारीक नळी होती. त्या नळीतून प्रेशरचा आकडा सतत पडद्यावर येत होता, कारण नेहमीचा पट्टा बांधायला धड जागाच नव्हती. त्या वेळी आकडा चांगला होता. त्याचा श्वास तेवढा उथळ होता, पायऱ्या चढून आलेल्या माणसासारखा.

ताईने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"हात उबदार आहे," ती म्हणाली. "नाडीही शांत आहे. प्रेशर पडतं तेव्हा पळते का?"

"नाही," सर्जन म्हणाले. "पण तरुण आहे, दुखण्याची औषधं चालू आहेत. नाडीवर जाऊ नका, मॅडम. हिमोग्लोबिन उतरलंय."

"दूध पातळ लागलं म्हणजे गाय आटली असं होत नाही. कुणी पाणीही घातलं असेल."

"पाणी मीच घातलंय." सर्जनचा आवाज चढला. "पण का घातलं? प्रेशर पडलं म्हणून. आधी ते पडलं, मग पाणी आलं. पहिल्यांदा ते का पडलं, एवढं सांगा. मी सुरी खाली ठेवतो."

ताईने पुन्हा पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दारातून निरोप आला: थिएटरमधलं ऑपरेशन आवरत आलंय, रुग्णाची तयारी करा.

३

"मला जरा माणसांशी बोलू दे," ताई सर्जनना म्हणाली. "ट्रॉली येईपर्यंत."

"बोला. पण ट्रॉली आली की मी थांबणार नाही."

पहिली सिस्टर. ती इतकी उंच होती की विभागात तिला सगळे जिराफ म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. ती कमरेवर हात दाबत आमच्यासमोर उभी राहिली.

"कंबर धरलीय?"

"वाकून वाकून, मॅडम. हे पलंग बुटक्यांसाठी केलेत."

"बाटली कधी सोडतेस?"

"वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला की सोडायची, हा सरांचा नियम. मी नियम सोडून एक थेंब दिलेला नाही."

"आणि सोडली की आकडा वर येतो?"

"लगेच. कधी कधी तर बाटली नीट सुरूही होत नाही, तोवर येतो."

"मग उरलेली बाटली?"

"ती जाऊ द्यायची. लावलेली बाटली कोण काढतं, मॅडम?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण कळल्यासारखी मान हलवली.

"सुनेला काही करताना पाहिलंस?"

सिस्टरने आवाज खाली आणला. "दोनदा. पलंगाच्या पायथ्याशी वाकली होती. लघवीची पिशवी, पोटातून आलेल्या नळीची पिशवी, सगळं तिथेच लटकतं. मी आत शिरले तशी दचकून सरळ झाली. मी सरांना अजून बोलले नाही. उगीच कुणाचा संसार कशाला..."

पुस्तकात असं वाक्य आलं की मी पान दुमडून ठेवतो. खरं सांगायचं तर मला सून आवडते. घरात माझी पुस्तकं मागून वाचणारी ती एकटीच आहे. तरीही माझ्या मनात आलंच: दोघांचं भांडण तर झालं नव्हतं ना?

४

सून जिन्याच्या वळणावर बसली होती. ती इतकी लहानखुरी आहे की पायरीवर बसलेली बाई आहे की कुणाची शाळकरी मुलगी, असा लांबून प्रश्न पडावा. ताई कठड्याला धरून तिच्या शेजारी टेकली.

"आत काय करतेस ग तू?"

"बसते, आत्या."

"नळ्यांना हात लावलास?"

"नाही. आईंची शपथ घेऊ? नाही, नको. त्या म्हणतील, माझी कशाला घेतलीस. माझीच घेते."

ताईला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "पिशव्यांना?"

"कशालाच नाही. त्यांना जे काही टोचलेलं, जोडलेलं आहे, त्यातल्या एकालाही मी बोट लावलेलं नाही."

"मग पायथ्याशी वाकून काय करत होतीस?"

तिचा चेहरा उतरला. पदराचं टोक तिने मुठीत आवळून धरलं.

"ते विचारू नका, आत्या."

"पोरी, आता त्याचं पोट पुन्हा फाडणार आहेत. उठून परत येईल का, ते डॉक्टरलाही माहीत नाही. आणि तू म्हणतेस, विचारू नका?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही हो!" ती रडायला लागली. "मी त्यांना शब्द दिलाय. फक्त जवळ बसता यावं म्हणून... बाकी मी काही केलं नाही. खरंच नाही."

खालून चाकांचा आवाज आला. कुणीतरी लिफ्टचं दार उघडून धरायला सांगत होतं.

ट्रॉली निघाली होती.

५

ताई उठायला लागली आणि गुडघ्याने तिला पुन्हा खाली बसवलं. मी हात दिला. वैतागलेली असली की ती माझ्यावर घसरते. तो तिचा हक्कच आहे.

"एवढी रहस्यं वाचतोस ना? सांग मग. कोण निघतं शेवटी?"

"ज्याच्यावर कुणाचा संशय नसतो, तो."

"डोंबल तुझं! इथे सगळ्यांचा सगळ्यांवर आहे. वहिनीचा सुनेवर, सिस्टरचा सुनेवर, सर्जनचा स्वतःच्या टाक्यांवर. माझा सर्जनच्या नियमावर. उरलं कोण?"

"मला काही सुचत नाही, ताई. मी सकाळपासून नुसता बाकावर बसून काचेतून बघतोय. तेही धड दिसत नाही. सून आत गेली की तो दिसेनासाच होतो."

"म्हणजे ती मध्ये येते."

"हो, तसंच असेल. पण..." मी अडखळलो. बारीकसारीक गोष्टी सांगून लोकांचा वेळ खाण्याची मला भीती वाटते. "ती मध्ये नसते. ती पलीकडच्या बाजूला बसते. तिचं डोकंही दिसत नाही. नुसता सलाइनचा दांडा दिसतो आणि आकड्यांचा पडदा. मग सिस्टर आत जाते, आणि जरा वेळाने त्याचं नाक पुन्हा काचेत दिसायला लागतं."

ताई माझं मनगट घट्ट धरून उभी राहिली. गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

"आणि वहिनी जाते तेव्हा?"

"तेव्हा दिसतो. वहिनी बसतच नाहीत. पायाशी उभ्या राहतात, डोळे पुसतात, बाहेर येतात."

"चल," ती म्हणाली. "पळ म्हणाले असते, पण दोघांनाही जमायचं नाही."

६

आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉली पलंगाला लावली होती. दोन कर्मचारी चादरीची टोकं धरून उभे होते. काचेच्या बाहेर वहिनी, आणि त्यांच्यापासून अंतर ठेवून सून.

"थांबा," ताई म्हणाली.

"मॅडम, मी सांगितलं होतं..."

"तू म्हणालास, प्रेशर का पडलं ते सांग. सांगते. ट्रॉली जरा बाजूला घ्या. आकडा किती आहे?"

"एकशे बारा," सिस्टर म्हणाली.

"बाटली बंद कर. पूर्ण. आता कुणीही कशाला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "पायथ्याशी ते हँडल आहे ना, पलंग वरखाली करायचं? फिरव. पलंग खाली ने."

असल्या प्रसंगी मी नेहमी उलट बाजूला फिरवतो. याही वेळी फिरवलं. ताईने कपाळावर हात मारला. मग मी सुलट फिरवू लागलो. पलंग हळूहळू खाली जाऊ लागला, पुतण्याला घेऊन.

एकशे आठ. एकशे दोन. सत्त्याण्णव.

सर्जन पुढे झाले. ताईने त्यांच्या बाहीला धरलं.

एक्क्याण्णव. आणि मग अठ्ठ्याऐंशी. यंत्र केकाटायला लागलं. काचेपलीकडे वहिनींनी तोंडावर हात घेतला. सिस्टरचा हात सवयीने बाटलीकडे गेला.

"बाटली नको!" ताई ओरडली. "वर घे पलंग."

मी जीव तोडून हँडल फिरवलं. पलंग चढला तसा आकडाही चढला. सत्त्याण्णव. एकशे चार. एकशे बारा. बाटलीतून एक थेंबही पडला नव्हता. पुतण्याने मान जराशी वळवली आणि पुन्हा डोळे मिटले. त्याला काहीच झालं नव्हतं.

सर्जनची नजर पडद्यावरून नळीवर, नळीवरून सलाइनच्या दांड्यावर गेली. दांडा जमिनीवर उभा होता. त्यावर, पुतण्याच्या छातीच्या उंचीला, चिकटपट्टीने एक लहानशी प्लास्टिकची डबी बांधली होती. मनगटातली नळी त्या डबीत जात होती.

"डबी," ते पुटपुटले.

"डबी," ताई म्हणाली. मग आम्हा अडाण्यांसाठी तिने सोपं करून सांगितलं. "प्रेशर वाचते ती ही डबी. ती रुग्णाच्या काळजाच्या बरोबरीने असली तर खरं वाचते. वरच्या मजल्यावरच्या नळाला पाण्याचा जोर कमी लागतो, म्हणून टाकी रिकामी असते का? तसंच हे. काल याला थिएटरमधून आणला तेव्हा सिस्टरने उंची जुळवून डबी दांड्याला बांधली, बरोबर बांधली. पण दांडा जमिनीवर आणि पोरगा पलंगावर. पलंग खाली गेला, डबी तिथेच राहिली. आकडा पडला. रक्त होतं तिथेच होतं."

"आणि वर यायचा तो..." सिस्टर मध्येच थांबली. तिचा हात पुन्हा कमरेवर गेला, आणि तिचं तिलाच उमगलं. "मी बाटली लावायला आत आले की आधी पलंग वर घेते. कमरेसाठी. दर वेळी. लक्षातसुद्धा येत नाही."

"म्हणून बाटलीला श्रेय मिळालं," ताई म्हणाली. "पलंगाने चढवला आणि आपण समजलो, पाण्याने चढवला. पाण्याने सावरतो आणि पुन्हा घसरतो, म्हणजे आत रक्त जातंय. पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर. फक्त माणूस त्या पुस्तकातला नव्हता. एवढं पाणी त्याच्या फुप्फुसात आणि पापण्यांत जाऊन बसलं."

"मी हात धरून बघायला हवा होता," सर्जन म्हणाले. त्यांनी तो आता धरला.

"अजून मी चुकत असेन," ताई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "डबी त्याच्या दंडाला बांधा. पलंगाबरोबर ती हलू दे. मी इथे बसते. खरंच रक्त जात असेल, तर आकडा डबीचं ऐकणार नाही, पडेलच. पडला तर ने त्याला, मी अडवणार नाही."

सर्जननी ट्रॉलीवाल्यांना खुणेने बाहेर पाठवलं, पण लांब नाही, दाराशीच.

ताई बसून राहिली. सर्जन उभेच राहिले. मी आकड्याकडे बघत होतो आणि बघवत नव्हतं म्हणून फरशीकडे बघत होतो. लघवी सुटायचं औषध दिलं, पिशवी भरत गेली. उन्हं काचेवरून उतरली. आकडा पडला नाही. पुतण्याचा श्वास आधी जरा, मग आणखी जरा लांब झाला.

"ट्रॉली परत न्या," सर्जन म्हणाले.

७

घरच्यांना सांगायला सर्जन स्वतः बाहेर आले. मला धास्ती वेगळीच होती. पोरगा वाचला होता. आता सून वाचायची होती.

"रक्तस्राव नाही," ते म्हणाले. "आकडा चुकीचा येत होता. त्यावर विसंबून आम्ही जास्त पाणी दिलं. ते आता बाहेर काढतोय. चूक आमची. डबी रुग्णाबरोबर हलायला हवी होती, आणि आकडा बघण्याआधी मी माणूस बघायला हवा होता."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्या शिकल्या नसतील, पण त्यांना फसवणं सोपं नाही; पलंग खाली-वर होताना त्यांनी काचेतून पाहिला होता.

"पण पलंग खाली कोण घ्यायचं?"

सर्जन घोटाळले. ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात सून पुढे आली.

"मी, आई."

"कशाला?"

"पलंग उंच होता. मला त्यांच्या तोंडापर्यंत कान नेता येत नव्हता."

"कान?"

"नळी काढल्यापासून त्यांचा आवाज फुटत नाही. नुसतं ओठांतल्या ओठांत बोलतात. अगदी गालाला कान लावला तरच कळतं." ती थांबली. तिने ताईकडे पाहिलं. शब्द मोडू का, असं काहीतरी त्या नजरेत होतं. ताईने मान डोलावली.

"काय बोलायचा?" वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता. मुलाचा एक शब्दही त्यांच्या कानावर आलेला नव्हता.

"दुखतंय म्हणायचे. खूप दुखतंय म्हणायचे, आई. आणि म्हणायचे, तू माझ्यापाशी रडून घे, पण आईला यातलं काही सांगू नकोस. ती आली की मी डोळे मिटून पडतो. शांत झोपलाय असं वाटू दे तिला."

सर्जन हळूच आत निघून गेले. मला तिथून उठावंसं वाटलं, पण उठलो तर आवाज होईल म्हणून बसून राहिलो.

वहिनींनी शेजारी ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

"ये," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग. दुखतंय म्हणाला, त्याच्या आधी काय म्हणाला होता?"